प्रतिकूल हवामान आणि कार्यालयीन इमारतीतील सुरक्षितता : हिंगोली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. जिल्हानिर्मितीबरोबर जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि निरनिराळ्या खात्यांची जिल्हास्तरीय कार्यालये आली. त्यांच्यामागोमाग बँका, पतसंस्था, महाविद्यालये वाढली आणि नांदेड, परभणी, वाशीम येथून रोज 'अप-डाउन' करणारा मोठा कर्मचारीवर्गही निर्माण झाला. मुख्यालयी राहण्याचा नियम कागदावर राहिला व माणसे रस्त्यावर राहिली, ही बाब येथील कोणत्याही प्राध्यापकास वेगळी सांगावी लागत नाही.

प्रतिकूल हवामान हा मराठवाड्यात शेतीचा विषय मानला जातो. वीज शेतात पडते, पूर नदीकाठी येतो, गारपीट पिकाची होते, आणि कार्यालय या सर्व चित्रात पंचनामा करणारी यंत्रणा म्हणून येते. फेब्रुवारी-मार्च 2014 मधील मराठवाडा-विदर्भातील व्यापक गारपिटीचे वर्णन याच पद्धतीने झाले. जुलै 2022 मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात पुराचे पाणी शिरले, तेव्हाही चर्चा घरे, जनावरे आणि पिके यांचीच झाली. ती योग्यच होती. मात्र पंचनामा करणारा कर्मचारी, कार्यालयात कामासाठी आलेला अर्जदार आणि परीक्षेस आलेला विद्यार्थी हेही त्याच आभाळाखाली असतात. पक्की कार्यालयीन इमारत हा अशा वेळी उपलब्ध असलेला बहुधा सर्वांत सुरक्षित निवारा असतो. धोका असतो तो इमारतीच्या उंबरठ्यावर, आवारात आणि सुटीनंतरच्या रस्त्यावर. प्रस्तुत लेखात या दृष्टीने विषयाची मांडणी केली आहे.

वादळाची वेळ आणि कार्यालयाची वेळ

मार्च ते जून या काळातील वळवाच्या पावसाचे एक ठरलेले वेळापत्रक असते. सकाळपासून जमीन तापते. तापलेली हवा वर चढते व तिच्यात बाष्प पुरेसे असल्यास दुपारनंतर गडगडाटी मेघ तयार होतात. या मेघांची उंची बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत जाते. त्यामुळे विजांचा कडकडाट, सोसाट्याचा वारा व कधी गारा यांचा जोर साधारणतः दुपारी तीन-चारपासून रात्रीच्या प्रारंभापर्यंत अधिक असतो. रोहिणी आणि मृग नक्षत्रांचा प्रारंभीचा पाऊस, तसेच परतीच्या काळातील उत्तरा व हस्त नक्षत्रांचा पाऊस यांविषयी शेतकऱ्यांचा अनुभवही असाच आहे. ऐन श्रावणातील संथ पावसात विजांचे प्रमाण त्या मानाने कमी असते.

राज्य शासनाने 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला आणि कार्यालयाची वेळ सकाळी 9.45 ते सायंकाळी 6.15 अशी निश्चित केली. म्हणजेच मेघगर्जनेचा जोर आणि कार्यालय सुटण्याची वेळ या दोन गोष्टी उन्हाळ्याच्या अखेरीस नेमक्या एकमेकींवर येतात. दिवसभर छताखाली असलेला कर्मचारी त्या दिवसातील सर्वांत वाईट तासाला दुचाकीवर बसतो. दुपारच्या सत्रातील परीक्षा संपवून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याचीही स्थिती निराळी नसते.

वीज इमारतीत कशी येते

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात वीज पडून 2,887 व्यक्तींचा मृत्यू झाला. यांतील बहुसंख्य घटना उघड्यावरच्या असतात. पक्क्या इमारतीत मृत्यू क्वचितच होतो, आणि त्याचे कारण समजून घेतल्यास इमारतीत कोठे थांबावे हेही आपोआप समजते.

विजेच्या एका लोळात प्रवाह साधारणतः तीस हजार अँपिअरच्या आसपास असतो आणि तिच्या मार्गातील हवा क्षणभर सुमारे 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. या प्रवाहास जमिनीपर्यंत पोहोचावयाचे असते व तो उपलब्ध असलेले सर्व मार्ग वापरतो. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत स्तंभ, तुळया आणि स्लॅब यांतील लोखंडी सळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे इमारतीभोवती धातूचा एक ढोबळ पिंजरा तयार होतो आणि प्रवाहाचा मोठा भाग आतील माणसास टाळून त्या पिंजऱ्यातून खाली उतरतो. मायकेल फॅराडे याने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलेले तत्त्व हेच होय. हिंगोली हे निजामाच्या काळात हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीचे गाव होते. त्या काळच्या धर्तीची दगड-चुन्याची जाड भिंत उन्हापासून उत्तम संरक्षण देते, परंतु तिच्यात असा पिंजरा नसतो. अशा जुन्या वास्तूत कार्यालय भरत असेल, तर स्वतंत्र वीज अटकाव यंत्रणेची गरज अधिक असते. तरीही उघड्या मैदानापेक्षा ती वास्तू केव्हाही बरी.

पिंजऱ्यात शिरण्याचे मार्ग मात्र आपणच ठेवलेले असतात. विजेच्या तारा, दूरध्वनीची तार, इंटरनेटची केबल, छतावरील टाकीपासून खाली येणारा लोखंडी नळ, खिडकीचे गज आणि लोखंडी जिना हे ते मार्ग होत. म्हणून कडकडाट चालू असताना तारेच्या दूरध्वनीवर बोलणे, नळाखाली हात धुणे, खिडकीचे गज धरून पाऊस पाहणे आणि भिंतीतील सॉकेटला जोडलेला संगणक हाताळणे टाळावे. मोबाइलविषयीचा समज तपासून घेण्यासारखा आहे. चार्जरला न जोडलेला मोबाइल इमारतीत वापरण्यात विजेचा धोका नाही, आणि मोबाइल वीज खेचून घेतो यास शास्त्रीय आधार नाही. तो चार्जिंगला लावून कानाशी धरला, तर गोष्ट वेगळी. छतावर जाणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. पाणी साचले म्हणून छतावरील पन्हाळी मोकळी करण्यास शिपायास वर पाठविण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. ते काम मे महिन्यातच उरकावयाचे असते.

वीज अटकाव यंत्रणेविषयी एक गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. छतावर तांब्याचा त्रिशूळ दिसला की संगणकही सुरक्षित झाले असे मानले जाते. तो अग्रदंड इमारतीचे रक्षण करतो. तारांतून आत येणारा विद्युत्‌दाबाचा उसळा तो थोपवू शकत नाही, त्यासाठी मुख्य फलकावर सर्ज प्रोटेक्टर लागतो. दुसरी बाब अर्थिंगची. येथील जमीन काळी आणि तिच्याखाली मुरूम व बेसाल्ट खडक. ओली काळी माती वीज चांगली वाहून नेते, परंतु मे महिन्यात ती सुकून भेगाळते आणि मुरूम व खडक तर मुळातच मंद वाहक. विजांचा हंगाम सुरू होतो तो नेमका याच वेळी. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालणे व वर्षातून एकदा त्याचा रोध मोजून घेणे हे काम कोणत्याही नव्या खरेदीपेक्षा स्वस्त आहे. बहुधा त्यामुळेच ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

अर्धा निवारा

तहसील कार्यालयाच्या आवाराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मध्ये पक्की इमारत. बाहेर कडुनिंब किंवा पिंपळ, त्याखाली दस्तलेखक व मुद्रांक विक्रेते यांची टेबले, शेजारी झेरॉक्सचे दुकान, एका बाजूस दुचाकींसाठी पत्र्याची शेड. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, निराधार योजना अशा कामांसाठी आलेली माणसे झाडाखाली बसलेली असतात, कारण आत बसण्यास जागा नसते आणि असली तरी तेथे निःसंकोचपणे बसता येत नाही. पाऊस आला की ही माणसे झाडाच्या बुंध्याकडे किंवा शेडकडे सरकतात. कर्मचारी काँक्रीटच्या पिंजऱ्यात, आणि ज्यांच्यासाठी कार्यालय आहे ती माणसे आवारातील सर्वांत उंच वस्तूखाली, असा हा विपर्यास आहे.

झाडावर पडलेली वीज बुंध्यातून उतरताना शेजारच्या माणसाच्या शरीराचा जवळचा मार्ग पकडते. त्याच वेळी जमिनीत पसरणाऱ्या प्रवाहामुळे दोन पावलांमध्ये विद्युत्‌दाबाचा फरक निर्माण होतो. जनावरे एका झाडाखाली एकदमच मरून पडतात त्याचे कारण त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांतील जास्त अंतर हेच आहे. पत्र्याची शेड पावसापासून वाचवते. बाजू उघड्या असल्याने विजेपासून ती भरवशाचे संरक्षण देत नाही, आणि वादळी वाऱ्यात तिचे पत्रेच शस्त्र बनतात. कार्यालयाचे पोर्चही याच वर्गात मोडते. छत आहे म्हणून तेथे माणूस निर्धास्त उभा राहतो, पण तो असतो बाहेरच.

अशा ठिकाणांना 'अर्धा निवारा' म्हणता येईल. तो पावसापासून वाचवतो आणि म्हणूनच इतर धोक्यांविषयी माणसास बेसावध करतो. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपर येथे अचानक आलेल्या धुळीच्या वादळात एक अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला व 17 व्यक्तींचा मृत्यू झाला. पेट्रोल पंपाचे छत हाही एक अर्धा निवाराच होता. तो दिवसही मे महिन्यातील होता आणि वेळ दुपारनंतरची.

पायाळू माणसावर वीज पडते, हा समज मराठी समाजात अद्याप टिकून आहे. वीज जन्माची पद्धत पाहत नाही. उंची, एकाकीपणा आणि टोकदारपणा या तीन गोष्टींचा तिच्या मार्गावर प्रभाव पडतो. या समजाचा खरा तोटा असा की, जो पायाळू नाही तो झाडाखाली निश्चिंत थांबतो.

26 जुलै 2005 : खिडकीतून दिसलेला पाऊस

कार्यालयातील माणसांना प्रतिकूल हवामानाचा सर्वांत मोठा फटका महाराष्ट्रात बसला तो हिंगोलीपासून दूर, मुंबईत. 27 जुलै 2005 च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हिंगोली जिल्ह्यात एका संपूर्ण वर्षात जेवढा पाऊस पडतो, त्याच्याशी तुलना करण्याजोगे हे प्रमाण आहे. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यांतील काही बंद मोटारींत अडकून गुदमरली, काही वाहत्या पाण्यात सापडली. या घटनेच्या चौकशीसाठी जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. मिठी नदी, सांडपाण्याची व्यवस्था, भरतीची वेळ यांची पुढे पुष्कळ चर्चा झाली.

कार्यालयीन सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र दुसरी एक नोंद अधिक बोलकी आहे. त्याच चोवीस तासांत कुलाबा वेधशाळेतील पाऊस होता सुमारे 74 मिलिमीटर. फोर्ट, नरिमन पॉइंट येथील कार्यालयांच्या खिडक्यांतून दिसत होता तो हा पाऊस. मुंबईच्या मानाने त्यात विशेष काही नव्हते. तेथून निघालेले लाखो लोक ज्या उपनगरांकडे चालले होते, तेथे त्याच्या बारापटींहून अधिक पाऊस कोसळत होता. लोकल गाड्या थांबल्या, रस्ते तुंबले आणि माणसे ना कार्यालयात, ना घरी अशा अवस्थेत रात्रभर अडकली. जे कार्यालयातच राहिले त्यांची रात्र गैरसोयीची गेली, एवढेच. 29 ऑगस्ट 2017 रोजी मुंबईत पुन्हा अतिवृष्टी झाली, तेव्हा पाण्यात अडकलेली मोटार सोडून पायी घरी निघालेल्या एका ख्यातनाम डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला.

मुंबईचा हा अनुभव हिंगोलीस लागू पडतो, कारण येथेही खिडकीतून दिसणारा पाऊस आणि वाटेतील पाऊस एक नसतो. महसूल यंत्रणा महसूल मंडळनिहाय पाऊस मोजते आणि एका मंडळात 65 मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टीची नोंद होते. एका मंडळात अतिवृष्टी आणि शेजारच्या मंडळात केवळ भुरभुर, अशी स्थिती दर पावसाळ्यात आढळते. हिंगोली शहरात ऊन असताना वरच्या भागातील पावसाने कयाधूस पूर येऊ शकतो. ओढ्यांवरील कमी उंचीच्या पुलांवर पाणी चढते ते बहुधा अन्यत्र पडलेल्या पावसाचे. सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणातून विसर्ग सुरू झाला, तर खालच्या गावांत एक थेंबही न पडता रस्ता बंद होतो. म्हणून कार्यालयातून निघण्याचा निर्णय खिडकीकडे पाहून घेणे हा या विषयातील मूलभूत दोष आहे. निर्णय घ्यावयाचा तो वाटेतील आणि गावातील स्थिती विचारून.

थांबवायचे की सोडायचे

येथे दोन प्रकारचे हवामान वेगळे ओळखले पाहिजे, कारण त्यांवरील उपाय परस्परविरुद्ध आहेत.

गडगडाटी वादळ अल्पजीवी असते. एका ठिकाणी त्याचा जोर सामान्यतः तास-दीड तासात ओसरतो. अशा वेळी माणसांना थांबविणे हाच मार्ग. वीज चमकल्यापासून गर्जना ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर असा हिशेब होतो. हे अंतर तीस सेकंदांहून कमी असल्यास वीज दहा किलोमीटरच्या आत आहे व बाहेर पडणे धोक्याचे. शेवटच्या गर्जनेनंतर तीस मिनिटे थांबावे, असा जगभर मान्य असलेला संकेत आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल ॲप परिसरातील 20 ते 40 किलोमीटर अंतरावरील विजांची सूचना देते. भारतीय हवामान विभागही पुढील तीन तासांसाठीचा तात्कालिक अंदाज जिल्हानिहाय प्रसिद्ध करतो.

दीर्घकाळ चालणारी अतिवृष्टी ही निराळी बाब. तिच्यात तासभर थांबून परिस्थिती सुधारत नाही, उलट नद्या चढत जातात आणि अंधार पडतो. लाल किंवा नारिंगी इशारा सकाळीच मिळाला असेल, तर दूरच्या कर्मचाऱ्यांना दुपारीच, उजेडी सोडणे योग्य. ती वेळ टळली, तर त्यांची रात्रीची सोय गावातच करणे योग्य. सर्वांत घातक असतो तो मधला मार्ग, म्हणजे सहापर्यंत वाट पाहून मग सर्वांना एकदम निघण्यास सांगणे. वेगाने वाहणारे गुडघ्याखालचे पाणीही माणसास पाडते, सुमारे 30 सेंटिमीटर पाण्यात दुचाकी सावरत नाही आणि 60 सेंटिमीटर पाण्यात बहुतेक मोटारी तरंगू लागतात. रोजच्या वाटेवरचा पूल ओळखीचा असतो, म्हणूनच त्यावर गाडी घालण्याचा मोह होतो. पाण्याखाली पूल शाबूत आहे की नाही, हे मात्र दिसत नाही.

हे सर्व सांगणे सोपे, पाळणे अवघड. तीस मिनिटे थांबणे म्हणजे अनेकांसाठी एसटीची शेवटची गाडी चुकणे. घरी लहान मूल वाट पाहत असते. महिला कर्मचाऱ्यांस अंधाराची चिंता वेगळी. वरिष्ठांनी थांबू नका असे म्हटलेले नसते आणि थांबा असेही म्हटलेले नसते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते व त्याचा नियंत्रण कक्ष चालतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 मुळे भिंतीवर अग्निशामक नळकांडे येते व त्याची तपासणीही होते. सायंकाळी सहा वाजता विजा चमकत असताना दरवाजात उभे राहून 'कोणी निघू नका' असे म्हणण्याची जबाबदारी मात्र अनेक कार्यालयांत कोणाच्याही नावावर लिहिलेली नसते. ती कार्यालय प्रमुखाने एका आदेशाने आधीच सोपविली, त्या दिवशीच्या थांबण्याची व दुसऱ्या दिवशीच्या उशिराची नोंद बायोमेट्रिक हजेरीत कशी धरावयाची हे ठरविले आणि बस आगाराचा दूरध्वनी क्रमांक फलकावर लावला, तर थांबणे माणसास परवडू लागेल.

महाविद्यालयाच्या आवारात

वरील सर्व बाबी महाविद्यालयास लागू आहेत, आणि काही अधिक. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या जिल्ह्यातील महाविद्यालयांत उन्हाळी परीक्षा होतात त्या वळवाच्या हंगामातच. परीक्षा चालू असताना वीजपुरवठा खंडित झाला, वाऱ्याने काचा फुटू लागल्या, तर विद्यार्थ्यांना खिडक्यांपासून आतील भिंतीकडे सरकविणे आवश्यक असते. परंतु आसनव्यवस्था मोडल्याचा ठपका येईल या भीतीने पर्यवेक्षक थबकतो. केंद्रप्रमुखाने हा अधिकार परीक्षेपूर्वीच्या बैठकीत तोंडी का होईना, दिलेला असावा. वाया गेलेली मिनिटे भरून देण्याचा निर्णयही त्याच बैठकीत व्हावा. जनित्र पोर्चमध्ये किंवा जिन्याखाली चालविले जाते, तेव्हा त्याचा धूर बंद वर्गांत शिरतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ते उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून दूर, परंतु आडोशास असावे.

पेपर संपला की उत्तरपत्रिका मोजणीसाठी वर्ग रिकामे केले जातात आणि इमारतीस कुलूप लागते. ग्रामीण भागातून आलेले विद्यार्थी मग पोर्चमध्ये, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली किंवा फाटकासमोरच्या झाडाखाली बसची वाट पाहतात. तळमजल्यावरचा एक वर्ग शेवटची गाडी जाईपर्यंत उघडा ठेवावयाचा झाल्यास एक शिपाई थांबवावा लागतो, त्यास जादा वेळेचा मोबदला द्यावा लागतो आणि किल्ली कोणाकडे राहील हे ठरवावे लागते. आवारात वादळात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने इमारत किती भक्कम आहे यापेक्षा ती किल्ली त्या वेळी कोणाकडे आहे, हा प्रश्न अधिक निकडीचा असतो.